रानाची साक्ष

वैशाखात विदर्भातील जंगले उघडीबोडकी होतात, नाल्यांचे डोह आटून त्यांच्या जागी भेगाळलेला गाळ तेवढा उरतो, आणि कोसोगणती पसरलेल्या अरण्यातील सारे प्राणिजीवन मोजक्या पाणवठ्यांच्या आश्रयास येऊन राहते. हा योग साधून बुद्धपौर्णिमेच्या रात्री पाणवठ्यांवरील मचाणांवर माणसे बसवावयाची आणि चांदण्यात पाण्यावर येणाऱ्या प्रत्येक जनावराची जात, संख्या आणि वेळ कागदावर उतरवून घ्यावयाची, असा महाराष्ट्राच्या वनखात्याचा शिरस्ता कित्येक वर्षांचा आहे. वाघांची मोजदाद आज अधिक काटेकोर साधनांनी होत असल्यामुळे या रात्रीच्या आकड्यांना शास्त्रीय गणनेचा दर्जा उरलेला नाही. तथापि ‘निसर्गानुभव’ या नावाने ती प्रथा सामान्य नागरिकांसाठी चालू राहिली आहे, आणि ती चालू राहिली हे फार चांगले झाले असे मी मानतो. रात्रभर एका जागी निःशब्द बसून जे समोर येईल ते पाहणे आणि जेवढे पाहिले तेवढेच लिहिणे, यापरते वन्यजीवनिरीक्षणाचे दुसरे उत्तम शिक्षण नाही.

अलीकडे या निरीक्षणाला कॅमेऱ्याची जोड मिळाली आहे, आणि सुट्टीच्या दिवशी ताडोबाच्या किंवा भिगवणच्या वाटेला लागणाऱ्या माणसांपैकी बहुतेकांच्या गळ्यात लांब नळीची भिंगे दिसू लागली आहेत. भिंतीवर लावण्याजोगे सुंदर चित्र आपल्याला मिळावे ही इच्छा स्वाभाविक आहे आणि तीत गैर काही नाही. परंतु वन्य प्राण्याचे प्रत्येक छायाचित्र हा एक जबाबही असतो. अमुक प्राणी अमुक तारखेला अमुक ठिकाणी अशा अवस्थेत होता, असे तो जबाब सांगतो, आणि जबाब म्हटला की साक्षीदाराच्या सचोटीचा प्रश्न ओघानेच येतो. त्याने लक्षपूर्वक पाहिले काय, पाहताना घटनेत स्वतः ढवळाढवळ केली काय, आणि पाहिलेले जसेच्या तसे नोंदले काय, या तीन प्रश्नांच्या उत्तरांवर त्या छायाचित्राचे खरे मोल ठरते.

बंदुकीची जागा कॅमेऱ्याने घेतली तो इतिहास सव्वाशे वर्षांचा आहे. इंग्लंडात रिचर्ड आणि चेरी या कीर्टन बंधूंनी १८९२ साली पक्ष्याच्या अंड्यांसह घरट्याचे छायाचित्र घेतले, आणि पुढे पक्ष्यांना संशय येऊ नये म्हणून बैलाचे कातडे पोकळ सांगाड्यावर चढवून त्याच्या पोटात कॅमेऱ्यासह बसण्यापर्यंत त्यांनी मजल मारली. अमेरिकेत जॉर्ज शायरस या कायदेपंडिताने शिकारीतील जुनीच विद्या, म्हणजे रात्री होडीतून दिव्याच्या झोतात हरणे गाठण्याची युक्ती, छायाचित्रणाच्या कामी लावली. त्याची चौऱ्याहत्तर छायाचित्रे १९०६ साली ‘नॅशनल जिओग्राफिक’ मासिकात प्रसिद्ध झाली तेव्हा रात्रीच्या अरण्याचे दर्शन सामान्य वाचकांना घडले. आपल्या देशात हे कार्य फ्रेडरिक वॉल्टर चॅम्पियन या वनाधिकाऱ्याने केले. संयुक्त प्रांतातील जंगलांत वाघाच्या नेहमीच्या वाटेवर तो एक बारीक तार लावून ठेवी. वाघाचा पाय तिला लागताच प्रकाशचूर्णाचा लख्ख उजेड होई आणि त्याच क्षणी कॅमेऱ्याचे झाकण उघडून मिटे. अशा रीतीने वाघांनी स्वतःच काढलेली स्वतःची छायाचित्रे त्याने १९२७ साली पुस्तकरूपाने लोकांपुढे ठेवली. त्याच परंपरेत पुढे जिम कॉर्बेटही आला. ‘मॅन-ईटर्स ऑफ कुमाऊं’ या १९४४ च्या पुस्तकाच्या अखेरीस त्याने एक हकीकत सांगितली आहे: चलच्चित्राच्या कॅमेऱ्याची घरघर वाघांच्या कानांवर जाऊ नये म्हणून त्याने एका ओढ्याचे पाणी अडवून लहानसे धबधबे निर्माण केले, आणि त्यांच्या खळाळात यंत्राचा आवाज बुडवून सात वाघ चित्रित केले. ज्या माणसाच्या नेमबाजीची ख्याती सर्वत्र पसरली होती, त्याला कॅमेऱ्याने मिळवलेले चित्र बंदुकीने मिळवलेल्या कातड्याहून श्रेष्ठ वाटावे, या एका गोष्टीत या परिवर्तनाचे सारे मर्म आले.

महाराष्ट्राच्या भूमीवरील उत्तम निरीक्षणाचा दाखला द्यावयाचा तर अलिबागनजीकच्या किहीम गावी १९३० सालच्या पावसाळ्यात सलीम अलींनी केलेल्या सुगरणीच्या अभ्यासाचा द्यावा लागेल. सुगरणीचे लोंबते घरटे कोकणातील पोरासोरांनाही ठाऊक असते आणि आपल्या ओव्यांतून तिच्या कारागिरीचे कौतुकही झाले आहे. परंतु घरट्यांच्या सन्निध लपण करून दिवसामागून दिवस टिपणे घेतली गेली तेव्हा कुठे हे उघड झाले की, घरटे विणतो तो नर, मादी नव्हे. नर घरटे अर्धेमुर्धे विणून थांबतो, माद्या येऊन ती अपुरी घरटी पारखतात, एखादीने पसंत केले म्हणजे तो ते पुरे करून देतो, आणि ती अंड्यांवर बसली की दुसऱ्या घरट्याच्या उभारणीस लागून दुसऱ्या मादीची वाट पाहतो. पिढ्यान्पिढ्या डोळ्यांसमोर चाललेली ही गोष्ट आधी उलगडली नाही, याचे कारण एकाच ठिकाणी चिकाटीने बसून पाहणारा माणूस तिला भेटला नव्हता. मराठी वाचकांना ही दृष्टी प्राप्त करून देण्याचे श्रेय व्यंकटेश माडगूळकर आणि मारुती चितमपल्ली या दोघांकडे विशेषत्वाने जाते. माडगूळकर नागझिऱ्याच्या जंगलात जाऊन राहिले आणि तेथील वास्तव्यावर त्यांनी स्वतंत्र पुस्तक लिहिले. चितमपल्लींनी वनखात्यातील प्रदीर्घ सेवेत, नवेगावबांधसारख्या ठिकाणी राहून, स्थानिक लोकांजवळचे ज्ञान आणि स्वतःच्या नोंदी यांचा मेळ घालीत आयुष्यभर लेखन केले.

जंगलात नव्याने जाणाऱ्या माणसाची पहिली तक्रार अशी असते की, काही दिसत नाही. वास्तविक दिसण्याच्या आधी पुष्कळ काही वाचावयाचे असते. पहाटेच्या वेळी जंगलातील धुळीचा रस्ता म्हणजे गेल्या रात्रीची रोजनिशी होय. वाघ-बिबट्यांच्या ठशांत नखे उमटत नाहीत, कारण चालताना ती आत ओढलेली असतात. कोळसुंद्यांच्या आणि कोल्ह्यांच्या ठशांत ती स्पष्ट दिसतात. ठशाची कड धारदार असेल तर जनावर नुकतेच गेलेले असते. तिच्यावर दव पडले असेल, किंवा किड्यांनी वरून नक्षी काढली असेल, तर रात्र उलटली असे समजावे. झाडाच्या बुंध्यावर उंच ओरखडे, वाटेच्या कडेला पायांनी उकरलेली माती आणि तिला येणारा उग्र दर्प ही वाघाच्या हद्दीची निशाणी असते. मोहाच्या झाडाखाली किंवा वारुळाशी खणलेला खड्डा अस्वलाची वार्ता देतो. हे सारे लेखन ज्याला सहज वाचता येते असा माणूस म्हणजे तेथला वनरक्षक किंवा गावातला मार्गदर्शक. ताडोबा हे ज्यांचे दैवत त्या गोंडांच्या वस्तीतील एखाद्या तरुणाला जंगलाविषयी जे उपजत कळते ते शहरातील माणसाला अनेक पुस्तके वाचूनही साध्य होत नाही, आणि म्हणून त्याला ‘वाघ कुठे आहे?’ एवढेच विचारून गप्प बसणे हा स्वतःचाच तोटा होय.

दुसरी भाषा कानांची. वाघ किंवा बिबट्या हालचाल करू लागला की जंगलात इशाऱ्यांची साखळी सुरू होते. उंच फांदीवर बसलेल्या वानराला तो प्रथम दिसतो आणि ते खर्जात खेकसते, खाली चरणारे चितळ मान ताठ करून, शेपूट उभारून, पुढचा पाय जमिनीवर आपटीत तीक्ष्ण शिटीसारखा आवाज काढते, मोर ओरडतो, आणि या सर्वांत भरवशाचा पुरावा म्हणजे सांबराची घणघणीत, घंटेचा टोल पडावा तशी एकेक हाक. चितळ पुष्कळदा वाऱ्याने हललेल्या पानालाही भिते, परंतु सांबर संशयाची पूर्ण खात्री झाल्यावाचून सहसा बोलत नाही. वानर आणि चितळ यांची ही मैत्री उभयपक्षी लाभाची असते: वानरे खाताना पाला आणि फळे खाली टाकतात, त्यावर चितळांचे पोट भरते, आणि एकाचे डोळे व दुसऱ्याचे नाक यांनी दोघांचीही राखण होते. ज्याला हे इशारे कळतात तो जीप इकडून तिकडे पळवीत नाही. तो इंजिन बंद करवून थांबतो, हाक कोणत्या दिशेने सरकते आहे हे ऐकतो आणि जनावर वाट ओलांडील अशा जागी आधीच जाऊन शांत उभा राहतो.

तिसरी गोष्ट वाऱ्याची. गवा, सांबर, रानडुक्कर यांना नजरेपेक्षा नाकाचा भरवसा अधिक. म्हणून पाणवठ्यावर लपण करावयाचे ते वारा जनावराच्या येण्याच्या वाटेकडून आपल्याकडे येईल अशा बाजूस. सुगंधी तेले, तंबाखूचा धूर आणि भडक कपडे घरी ठेवून यावे हे त्यातच आले. जंगलातील जनावरे गाडीच्या आकृतीला सरावलेली असतात, पण त्या गाडीतून एकाएकी उभ्या राहिलेल्या मनुष्याकृतीला ती सरावलेली नसतात, हेही ध्यानात ठेवावे.

अरण्यापेक्षा पाणथळीचा स्वभाव निराळा. जंगलात प्राणी दडलेला असतो. पाणथळीवर हजारो पक्षी उघड्यावर असतात, आणि नवख्या माणसाला नेमके कशाकडे पाहावे हे सुचत नाही. येथे पाहण्याची किल्ली पाण्याच्या खोलीत आहे. चिखलाच्या काठावर चिखल्या, तुतारी आणि धोबी वेचत फिरतात. घोटाभर पाण्यात लांब गुलाबी पायांचे शेकाटे. गुडघाभर पाण्यात चमचे आपली चपटी चोच डावीउजवीकडे फिरवीत चालतात आणि चित्रबलाक उघडी चोच पाण्यात बुडवून, मासा स्पर्शताच ती मिटतात. त्याहून खोल पाण्यात थापट्या आणि तलवार बदके माना बुडवून चरतात. आणि आणखी पुढे, जेथे तळ दिसत नाही तेथे, शेंडी बदके बुड्या मारतात. प्रत्येक चोचीची लांबी आणि प्रत्येक पायाची उंची यांचा हिशेब अशा रीतीने पाण्याशी जुळलेला असतो. धरणाची पातळी हातभर वाढली तर काठाचे सारे पक्षी उपाशी राहतात, आणि फार उतरली तर बुड्या मारणारे निघून जातात. पाण्याची आवकजावक ही जलसिंचनाच्या दप्तरातील बाब असली तरी त्या नोंदींवर सहस्रावधी पक्ष्यांचे अन्न अवलंबून असते.

महाराष्ट्रातील बहुतेक मोठ्या पाणथळी मनुष्यनिर्मित आहेत, ही गोष्ट विचार करण्याजोगी आहे. निफाड तालुक्यात गोदावरी आणि कादवा यांच्या संगमावर बांध घातला तो शेतीच्या पाण्यासाठी. परंतु बांधाच्या मागे गाळ साचत जाऊन बेटे तयार झाली, उथळ पाण्यात वनस्पती माजल्या, आणि नांदूर मध्यमेश्वर हे पक्ष्यांचे असे माहेर झाले की २०२० साली रामसर कराराच्या यादीत स्थान मिळवणारी ती महाराष्ट्रातील पहिली पाणथळ ठरली. भीमेवरील उजनी धरणाच्या फुगवट्यावर भिगवणजवळ हिवाळ्यात आणि उन्हाळ्यात रोहित पक्ष्यांचे थवे उतरतात, कारण पाणी ओसरत जाते तसतसा नवा गाळ उघडा पडतो. तिबेट आणि मंगोलियात अंडी घालणारे पट्टकादंब हिमालयाची शिखरे ओलांडून आपल्या या तळ्यांवर हिवाळा काढतात. मुंबईच्या शेजारी ठाणे खाडीत तर धाकट्या रोहितांचे इतके मोठे थवे येतात की २०१५ साली तेथे अभयारण्य घोषित झाले आणि २०२२ साली त्या खाडीचाही रामसर यादीत समावेश झाला. हा पक्षी डोके उलटे करून चोच पाण्यात धरतो, जिभेने पिचकारीच्या दट्ट्याप्रमाणे पाणी आत-बाहेर करतो आणि चोचीच्या कडांवरील बारीक जाळीत अडकलेले सूक्ष्म शैवाल गिळतो. त्याच शैवालातील रंगद्रव्याने त्याची पिसे गुलाबी होतात. शिवडीला हे दृश्य पाहावयास जाणाऱ्याने भरती-ओहोटीचे वेळापत्रक आधी पाहावे. पूर्ण ओहोटीत पक्षी दूर चिखलावर पांगतात, पूर्ण भरतीत ते अन्यत्र विश्रांतीस जातात. मधल्या काळात, पाणी चढू लागले की, ते आपण होऊन काठाकडे सरकतात आणि शांत उभ्या असलेल्या माणसाच्या पुष्कळ जवळ येतात.

पाणथळीवर पक्ष्यांकडे सरळ चालत जाणे हा सर्वांत निष्फळ मार्ग. पक्षी उडण्याच्या आधी बोलतात, फक्त ते बोलणे देहाचे असते: प्रथम चरणे थांबते, माना वर होतात, मग थवा दाटीने एका बाजूस चालू लागतो आणि शेवटी उडतो. माना वर झाल्या की थांबावे, खाली बसावे आणि त्या पुन्हा पाण्यात जाईपर्यंत हलू नये. होडीत असाल तर नावाड्याला वल्हे थांबवून होडी वाऱ्यावर सोडावयास सांगावे. भिगवणकडचे मच्छीमार ही कला उत्तम जाणतात. मार्चमध्ये परतीच्या प्रवासासाठी पक्षी अंगात चरबी साठवीत असतात. त्या काळात एका छायाचित्रासाठी उडवलेला थवा हा सहस्रावधी मैलांच्या प्रवासाच्या शिध्यावर घातलेला दरोडाच होय.

आता साधनांविषयी थोडे. नवशिक्याने कॅमेऱ्याच्या आधी दुर्बीण घ्यावी, कारण दुर्बीण पाहावयास शिकवते. तिच्यावर ८ × ४२ असे आकडे असतात. आठ हा वर्धनाचा आकडा आणि बेचाळीस हा पुढच्या भिंगाचा मिलिमीटरमधील व्यास. वर्धन फार मोठे असेल तर हाताच्या कंपाने चित्र थरथरते, आणि भिंग फार लहान असेल तर पहाटे व संध्याकाळी, म्हणजे प्राणी खरे हिंडतात त्या वेळी, प्रकाश अपुरा पडतो. म्हणून हा मध्यम जोड सर्वांना मानवतो. कॅमेऱ्याचे भिंग चारशे मिलिमीटरच्या आसपासचे असले तरी उत्तम काम होते. उडत्या पक्ष्यासाठी शटर सेकंदाच्या हजाराव्या अंशाहून अधिक वेळ उघडे राहू नये. कॅमेऱ्यातील प्रकाशमापक प्रत्येक दृश्य मध्यम करड्या छटेचे आहे असे गृहीत धरतो. परिणामी गडद पाण्यावरील शुभ्र बगळा जळून पिसांचा तपशील नाहीसा होतो आणि काळाकभिन्न गवा करडा दिसतो. बगळ्यासाठी प्रकाश थोडा कमी करावा, गव्यासाठीही तसाच कमी करावा. दुपारी चिखलावरील तापलेली हवा कापत असते आणि सर्वांत महागड्या भिंगातूनही चित्र विरघळलेले येते. त्या वेळी कॅमेरा बंद करून वही उघडावी. दृष्टीची पातळी प्राण्याच्या डोळ्यांच्या पातळीवर आणली, म्हणजे काठावर पालथे पडून छायाचित्र घेतले, तर पाहणाऱ्याला त्या जीवाच्या जगात उभे राहिल्याचा प्रत्यय येतो, आणि आडवा देह पक्ष्यांना कमी भिवविणारा असतो हा अधिकचा लाभ.

छायाचित्र हा पुरावा किती बळकट होऊ शकतो हे वाघांच्या गणनेने दाखवून दिले आहे. पूर्वी ही गणना पावलांच्या ठशांवरून होई, आणि ठशांवरून एकेक वाघ ओळखण्यात चुकीला वाव मोठा राही. माणसांच्या बोटांच्या ठशांप्रमाणे प्रत्येक वाघाचे पट्टे स्वतंत्र असतात. एकाच वाघाच्या डाव्या आणि उजव्या बगलेवरील नक्षीही भिन्न असते, म्हणून वाटेच्या दोन्ही बाजूंना समोरासमोर दोन स्वयंचलित कॅमेरे बांधतात. देहाची ऊब आणि हालचाल जाणवताच ते आपण होऊन छायाचित्र घेतात. चॅम्पियनची तारच येथे नव्या रूपात अवतरली आहे असे म्हणता येईल. उल्लास कारंथ यांनी गेल्या शतकाच्या नव्वदीत नागरहोळेच्या जंगलात या छायाचित्रांना संख्याशास्त्राची जोड दिली. त्यामागील तर्क सोपा आहे: पहिल्या फेरीत काही वाघ ओळखले गेले, पुढच्या फेरीत टिपलेल्या वाघांपैकी बहुतेक ओळखीचेच निघाले तर न टिपलेले वाघ थोडे असले पाहिजेत, आणि बहुतेक नवे निघाले तर अजून पुष्कळ वाघ दृष्टीआड आहेत. २०१८ च्या राष्ट्रीय गणनेत २६,८३८ ठिकाणी कॅमेरे लावण्यात आले. त्यांत साडेतीन कोटींच्या घरात छायाचित्रे मिळाली, त्यांपैकी ७६,६५१ वाघांची होती, आणि त्यांवरून २,४६१ वेगवेगळे वाघ ओळखता येऊन देशातील एकूण संख्या २,९६७ असावी असे अनुमान निघाले. २००६ सालचे अनुमान १,४११ होते, हे लक्षात घेतले म्हणजे या आकड्याचे महत्त्व कळते.

आणि साक्ष खोटी असली तर काय अनर्थ होतो, याचा दाखला आपल्या खानदेशातच आहे. रानपिंगळा नावाचे लहानसे घुबड १८७३ साली शास्त्राला ज्ञात झाले. खानदेशात मुलकी अधिकारी असलेल्या जेम्स डेव्हिडसनने १८८० च्या दशकात त्याचे काही नमुने सातपुड्याच्या परिसरातून मिळवले, आणि १८८४ नंतर तो पक्षी जणू नाहीसाच झाला. पुढे रिचर्ड माइनर्ट्‌झहेगन या नामांकित इंग्रज पक्षिसंग्राहकाच्या संग्रहात एक नमुना आढळला. त्याच्या चिठ्ठीवर १९१४ साल आणि गुजरातमधील मांडवी हे स्थळ लिहिलेले होते. शोध घेणारे त्या चिठ्ठीच्या भरवशावर भलतीकडे फिरले. पामेला रासमुसेन या विदुषीने पुढे सिद्ध केले की, तो नमुना ब्रिटनमधील संग्रहालयातून चोरलेला होता, त्यात नव्याने पेंढा भरून खोटी चिठ्ठी बांधलेली होती, आणि मूळचा तो डेव्हिडसननेच मिळवलेला होता. मग खोटी साक्ष बाजूस सारून, डेव्हिडसनच्या प्रामाणिक नोंदींच्या मागाने त्या आणि त्यांचे सहकारी निघाले, आणि नोव्हेंबर १९९७ मध्ये शहाद्याजवळच्या जंगलात, तब्बल एकशे तेरा वर्षांनी, रानपिंगळा त्यांना भर दिवसा फांदीवर बसलेला दिसला. त्यांनी त्याची छायाचित्रे आणि चित्रफीत घेतली. एकाही पक्ष्याचा प्राण न घेता पुरावा उभा राहिला. त्यानंतर मेळघाटात आणि ठाणे जिल्ह्यातील तानसा येथेही तो आढळला. खानदेशातील एका अधिकाऱ्याने आपल्या नमुन्यांवर स्थळ आणि तारीख नीट लिहून ठेवली होती, म्हणून शतकानंतर एका जातीचा पत्ता लागला, हे प्रत्येक छायाचित्रकाराने हृदयावर कोरून ठेवावे.

ही कथा मनात असली म्हणजे छायाचित्रणातील नीतिनियम बाहेरून लादलेले वाटत नाहीत. घरट्यासमोरील पाने छाटून चित्र मोकळे केले की पिलांवर ऊन येते आणि कावळ्यांना वाट दिसते; ध्वनिमुद्रित साद वाजवून पक्ष्याला बोलावले की तो अदृश्य प्रतिस्पर्ध्याशी झगडण्यात आपली शक्ती दवडतो; आमिष टाकून घेतलेल्या चित्रात दिसते ते वर्तन त्या प्राण्याचे नैसर्गिक वर्तन नसते; रात्री हिंडणाऱ्या घुबडाच्या डोळ्यांवर फ्लॅशचा मारा केला तर ते काही काळ दिपून जाते. अशा प्रत्येक चित्रात साक्षीदाराने घटनेत हात घातलेला असतो, आणि ते चित्र कितीही देखणे असले तरी रानाविषयी ते खरे बोलत नाही. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीच्या व्याख्येतच पक्ष्यांची अंडी आणि घरटी विस्कटण्याचा समावेश केला आहे, ही तरतूद फार थोड्या हौशी छायाचित्रकारांना माहीत असते. दुर्मीळ प्राण्याचे नेमके स्थळ वनखात्याला आणि अभ्यासकांना अवश्य कळवावे, परंतु समाजमाध्यमांवर ते जाहीर करू नये, कारण तेथून पहिल्या आठवड्यात गर्दी येते आणि तिच्या पाठोपाठ चोरटा शिकारीही येऊ शकतो.

सामान्य वाचकाने आरंभ कोठून करावा, असे कोणी विचारले तर मी त्याला वाघाच्या जंगलात न पाठवता त्याच्या गावच्या तळ्यावर पाठवीन. वर्षातून एकदा केलेल्या सफरीपेक्षा दर रविवारी सकाळी त्याच तळ्याच्या त्याच काठावर काढलेला एक तास अधिक शिकवतो. कमळपक्ष्यांमध्ये अंडी उबवतो तो नर, पाणकावळ्याची पिसे भिजतात म्हणून तो पंख पसरून वाळवतो, आणि हिवाळ्यातील पहिला धोबी दरवर्षी जवळपास त्याच आठवड्यात उतरतो, या गोष्टी तेथे स्वतःच्या डोळ्यांना कळतात. प्रत्येक छायाचित्राबरोबर तारीख, वेळ, स्थळ, पक्ष्यांची संख्या आणि ते काय करीत होते एवढे पाच रकाने भरावे, आणि जे नक्की ओळखता आले नाही तेथे तसे लिहावे. १९८७ पासून दर जानेवारीत आशिया खंडात पाणपक्ष्यांची गणना होते आणि ती करणारे बहुसंख्य लोक असेच हौशी असतात. एखाद्या पाणथळीवर नियमाने वीस हजार पाणपक्षी येत असतील, किंवा एखाद्या जातीच्या एकूण संख्येपैकी एक टक्का पक्षी तिच्या आश्रयास असतील, तर रामसर करारान्वये ती आंतरराष्ट्रीय महत्त्वाची ठरू शकते. आणि हे सिद्ध करण्यासाठी वर्षानुवर्षांच्या मोजदादीवाचून दुसरे साधन नाही. तळे बुजवून तेथे इमारती उभ्या करण्याचा प्रस्ताव जेव्हा येतो तेव्हा पहिला प्रश्न असाच विचारला जातो की, येथे होते तरी काय. पक्ष्यांना आपली बाजू मांडण्यासाठी कचेरीत येता येत नाही. ज्यांनी त्यांना आनंदाने पाहिले, त्यांची छायाचित्रे संग्रही ठेवली, त्यांनीच ती तारीखवार नोंद घेऊन त्या दिवशी उभे राहिले पाहिजे. आणि त्यासाठी ती नोंद आजपासून लिहावयास घेतलेली असली पाहिजे.